पडद्याबाहेर गेलेली लाट

"फट्!"

आवाज एवढासाच झाला, पण वॉर्डातल्या सगळ्यांच्या काळजात चर्र झालं. बाळाला ऊब देणाऱ्या दुसऱ्या काचपेटीचा हिरवा दिवा विझला. वर लावलेला पिवळा बल्बही गेला आणि जळक्या प्लास्टिकचा वास पसरला.

"तिसरी पेटी! लवकर!" मोठ्या सिस्टर ओरडल्या.

दारातल्या काचेला नाक लावून तीन मुलं उभी होती. बारा वर्षांची ठिणगी, तिची नऊ वर्षांची बहीण टिकली आणि सुट्टीसाठी आलेला त्यांचा चुलतभाऊ मास्तर. मास्तर तेरा वर्षांचा होता. तो दर दोन वाक्यांनंतर कुणाला तरी काहीतरी शिकवायचा, म्हणून हे नाव.

सिस्टरांनी विझलेल्या पेटीतून एक मूठभर जीव उचलला आणि तिसऱ्या पेटीत ठेवला. ती ठिणगी आणि टिकलीची धाकटी बहीण. दोन महिने आधीच जन्माला आलेली, अवघ्या बाराशे ग्रॅमची. तिचं नावही अजून ठेवलं नव्हतं. आईला वरच्या खोलीत ठेवलं होतं, ती अजून धड उठून बसत नव्हती. बाबा जहाजावर होते आणि जहाज किनाऱ्याला लागायला अजून अकरा दिवस होते.

"आठ दिवसांत दोन पेट्या जळल्या," मास्तर पुटपुटला. "आता ही एकच."

"आणि ही पण जळली तर?" टिकलीने विचारलं.

मास्तर काचेतून तिसऱ्या पेटीचा हिरवा दिवा बघत राहिला.

तेवढ्यात रुग्णालयाचे व्यवस्थापक तरातरा आले. त्यांच्यामागे मुलांची आत्या होती. रुग्णालयातली सगळी यंत्रं दुरुस्त करण्याचं काम तिचं. दोन्ही पेट्यांची गेल्याच महिन्यात तपासणी तिनेच केली होती.

"बाई, हे तुमचं काम?" व्यवस्थापक कडाडले. "तुम्ही हात लावलेली एकेक पेटी जळतेय!"

"साहेब, दोष पेटीत नाही. मला वाटतं विजेत आहे. नवा बोर्ड बसवल्यापासूनच हे चाललंय. मला बोर्ड उघडून बघू द्या."

"बोर्ड ठेकेदारांनी बसवलाय! त्यांनी मीटर लावून दाखवलंय, दोनशे तीस व्होल्ट! ना एक कमी, ना एक जास्त! कार्यशाळेची किल्ली द्या इकडे. जळालेल्या भागाऐवजी नवा भाग शहरातून घेऊन या आणि मग घरी बसा."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मुलांजवळून जाताना ती वाकली आणि ठिणगीच्या कानाशी म्हणाली, "मी संध्याकाळपर्यंत येते. नीट राहा. आणि बोर्डाच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. कळलं?"

दहा मिनिटांत तिची बस निघूनही गेली.

"आता काय करायचं?" टिकलीने विचारलं.

ठिणगीने डोळे पुसले. "आत्याचा स्कोप घरी आहे."

आत्याचं घर म्हणजे रुग्णालयाच्या अंगणापलीकडची दोन खोल्यांची जागा. सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी ती मुलांना तिथे ऑसिलोस्कोप शिकवत होती. तो डब्याएवढाच होता, बॅटरीवर चालायचा. पडद्यावर बारीक चौकोनी घरं आखलेली होती.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसता हिरवा गोंधळ दिसला होता. "हे काय, शेवयांचा डबा सांडलाय का?" असं टिकली म्हणाली होती. मग आत्याने ठिणगीचा हात धरून ट्रिगरचं बटण सावकाश फिरवायला लावलं. धावणारी रेघ एकदम थांबली आणि पडद्यावर एक सुरेख लाट उभी राहिली. वर चढणारी, खाली उतरणारी, पुन्हा वर येणारी.

"मीटर तुम्हाला एक आकडा सांगतो," आत्या म्हणाली होती. "तोही तुम्ही बघाल त्या क्षणाचा. स्कोप विजेची चाल दाखवतो. आडवी घरं म्हणजे वेळ, उभी घरं म्हणजे जोर. आता मोज बघू."

ठिणगीने मोजलं होतं. एक पूर्ण लाट आडव्या चार घरांत बसत होती. एक घर पाच मिलिसेकंदांचं, म्हणजे लाट वीस मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला पन्नास लाटा. उंची मधल्या रेघेपासून वर तीन घरं, खाली तीन घरं.

आणि एक नियम आत्याने रोज म्हणून घेतला होता. स्कोपची सुई भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही, अगदी कधीही घालायची नाही! त्यासाठी तिने एक बंद काळा डबा बनवला होता. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर होता. डब्याची पिन सॉकेटमध्ये लावायची, तो भिंतीतली वीज उतरवून नऊ व्होल्टची करतो, आणि तीच स्कोपला दाखवायची. लाट छोटी होते, पण तिची चाल तीच राहते.

"पण आपल्याला वॉर्डात कोण घेणार?" मास्तर म्हणाला.

"मोठ्या सिस्टरांना विचारूया. खोटं बोलायचं नाही, सरळ विचारायचं," ठिणगी म्हणाली.

मोठ्या सिस्टरांनी मुलांकडे पाहिलं, मग तिसऱ्या पेटीकडे पाहिलं. त्या रात्रभर जागलेल्या होत्या. "वॉर्डात नाही. शेजारी चादरींची खोली आहे, तिथला सॉकेट वॉर्डाच्याच तारेवर आहे. आवाज करायचा नाही. आणि शॉक बसला तर मी तुम्हाला बरं करीन आणि मग बदडीन!"

चादरींच्या खोलीत जेमतेम तिघांना बसता येत होतं. ठिणगीने काळा डबा लावला, स्कोप जोडला, ट्रिगर फिरवला. लाट उभी राहिली. वर तीन घरं, खाली तीन घरं.

"अगदी गुणी बाळ!" मास्तर म्हणाला. "काही दोष नाही."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. लाट हलेना. मास्तर उगाच चादरी मोजत होता. टिकली कंटाळून खाली अंगणात गेली. ठिणगी मात्र पापणीही न हलवता बसली होती. भिंतीपलीकडून पेटीची बारीक टिकटिक ऐकू येत होती. ती थांबली तर? आत्याचंच चुकलं असेल तर? खरंच तिच्या हातून काही राहून गेलं असेल तर?

आणि अचानक डोक्यावरची ट्यूब भगभगीत झाली.

"मास्तर!"

लाट फुगत होती! साडेतीन घरं… चार! शेंडा पडद्याच्या कडेला भिडला आणि दिसेनासा झाला. भिंतीपलीकडे पेटीने चिरक्या आवाजात इशारा द्यायला सुरुवात केली. ठिणगीने थांबवायचं बटण दाबलं, चित्र पडद्यावर गोठलं. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. ट्यूब पुन्हा मंद झाली आणि इशारा थांबला.

दोघं धावत वॉर्डाच्या दाराशी गेले. पेटीचा हिरवा दिवा चालू होता. ठिणगीने तो दोनदा बघून घेतला. ती तिथेच जमिनीवर बसली.

"वाचली," मास्तर म्हणाला. "या वेळी वाचली."

इतक्यात टिकली जिन्यावरून उड्या मारत आली. "अगं, खाली लाँड्रीतल्या काकू त्या कपडे सुकवायच्या यंत्राला लाथा घालतायत! आत्ता लावलं आणि लगेच बंद केलं. म्हणतायत, मेलं तापतच नाही!"

"आत्ता? म्हणजे नेमकं कधी?"

"आत्ता म्हणजे आत्ता! मी शेवटची पायरी उतरले तेव्हा लावलं."

ठिणगी आणि मास्तर यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही खाली धावले.

लाँड्रीच्या काकू ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "नवा बोर्ड आला आणि माझ्या यंत्राला ग्लानी आली! आधी अर्ध्या तासात कडकडीत वाळायचं. आता नुसतं कोमट. ठेकेदाराला सांगितलं तर म्हणतो, काकू, यंत्र म्हातारं झालं. म्हटलं, तू पण होशील!"

"काकू, हे यंत्र लावलं की इथे वीज कमी होते," मास्तर भराभरा बोलू लागला, "आणि वर वॉर्डात जास्त होते. म्हणजे सीसॉसारखं! एक बाजू खाली, दुसरी वर!"

"आत्याने सांगितलं होतं!" ठिणगी ओरडली. "इमारतीत वीज तीन तारांनी येते. एका तारेवर लाँड्री, दुसरीवर वॉर्ड, तिसरीवर बाकीचं. पण परत जायची वाट तिघींची एकच, न्यूट्रल. ती घट्ट असेल तर तिघी गुण्यागोविंदाने नांदतात. ती ढिली झाली की एकीच्या ताटातला घास दुसरीच्या घशात! बोर्डातली न्यूट्रलची तार ढिली आहे!"

काकूंचा हात यंत्राच्या खटक्याकडे जात होता, तो मागे आला. "म्हणजे मी हे लावलं की तुझी बहीण…"

ठिणगीला पुढचं ऐकवेना. "काकू, लावू नका. पाया पडते."

"वेडी का तू? नाही लावत. पण दोन वाजता व्यवस्थापक स्वतः येऊन बघतात, बाळांनो. वाळल्या चादरी दिसल्या नाहीत तर तेच खटका दाबतील. दोनपर्यंत मी काहीतरी सबब सांगते. त्यापुढे माझा इलाज नाही."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

व्यवस्थापकांच्या खोलीत नेमके ठेकेदारही बसले होते. दोघांचं जेवण चाललं होतं. ठिणगीने गोठवलेलं चित्र पुढे केलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

ठेकेदारांनी पडद्याकडे एक नजर टाकली आणि ते हसू लागले. "साहेब, पोरांनी बटणं फिरवून लाट मोठी केलीय! आमची पोरगी मोबाइलवर मांजराला हत्ती करते, तसलाच प्रकार!" मग त्यांनी खिशातून मीटर काढून खोलीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. "हे बघा. दोनशे तीस!"

"पण आत्ता लाँड्रीचं यंत्र बंद आहे!" मास्तर म्हणाला. "ते चालू असताना—"

"बंद आहे?" व्यवस्थापक ताडकन उठले. "कुणी सांगितलं बंद ठेवायला? दोनच्या ठोक्याला ते चालू झालंच पाहिजे. आणि तुम्ही तिघं! तुमच्या आत्याने पाठवलं ना हे नाटक करायला? चालते व्हा!"

दार मुलांच्या तोंडावर आपटलं.

बाहेर टिकली रडायला लागली. मास्तर भिंतीला टेकून उभा राहिला. "त्यांना डोळ्यांनी दाखवायचं तर यंत्र लावावं लागेल. आणि यंत्र लावलं तर…"

तिसरी पेटी. एकच उरलेली. सिद्ध करायला जावं तर बाळाच्या जिवाशी खेळ, गप्प बसावं तर दोन वाजता तेच होणार. आत्या असती तर! बाबा असते तर! पण कुणीच नव्हतं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बाळ पेटीत नसेल तर?" टिकली रडता रडता म्हणाली.

"पेटीत नसेल तर गार पडेल, वेडे! तिला ऊब लागते."

"मग आईकडे द्या की! आई गरम असते."

ठिणगीने तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्याच क्षणी ती वॉर्डाकडे पळत सुटली.

मोठ्या सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न टोकता. शेवटी त्या म्हणाल्या, "आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वर पांघरूण. हे आम्ही करतो. इतक्या लहान बाळांनाही ती ऊब पुरते. पण तुझी आई अशक्त आहे, आणि बाळ अजून एकदाही बाहेर काढलेलं नाही." त्यांनी फोन उचलला. डॉक्टरबाई दुसऱ्या गावच्या दवाखान्यात होत्या. बोलणं लांबलं. सिस्टर दोनदा "हो" म्हणाल्या, एकदा "माझी जबाबदारी" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"चला. दर पाच मिनिटांनी ताप मोजायचा. छत्तीसच्या खाली गेलं तर सगळं जिथल्या तिथे थांबवायचं."

आईला उशांच्या आधाराने बसवलं. बाळ तिच्या छातीवर ठेवलं, डोक्यात टोपी, वर दोन पांघरुणं. आईचे ओठ कोरडे पडले होते. तिने ठिणगीकडे बघितलं. "तुला खात्री आहे?"

ठिणगीला खोटं बोलता येईना. "लाट तरी तेच सांगते, आई."

"मग जा," आई म्हणाली.

वॉर्डात दुसरं बाळ नव्हतं, तेव्हा तिथल्या सगळ्या यंत्रांच्या पिना सिस्टरांनी स्वतः काढल्या. आता ठेकेदारांना वर कसं आणायचं?

"ते माझ्याकडे लागलं!" टिकली नाक पुसून खाली गेली आणि व्यवस्थापकांच्या दारात गरीब गाय होऊन उभी राहिली. "सिस्टर म्हणतात, वीज उत्तम आहे असं ठेकेदारकाकांनी कागदावर लिहून सही केली, तर मग सगळा दोष आत्याचाच ठरेल. येता का?"

येणार नाहीत तर काय! दोघं मिशीत हसत वर आले. पाठोपाठ टिकली लाँड्रीत पोचली. मास्तर वॉर्डाच्या खिडकीत जाऊन उभा राहिला. तिथून लाँड्रीचं दार दिसत होतं.

ठेकेदारांनी वॉर्डाच्या सॉकेटला मीटर लावला. "दोनशे तीस. लिहा, सिस्टर!"

"लिहिते," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "फक्त दोन मिनिटं तो तसाच धरा. मला आकडा नीट बघू दे."

मास्तरने रुमाल हलवला.

खाली घरघर सुरू झाली. ट्यूब भगभगली.

"दोनशे साठ," सिस्टर वाचू लागल्या. "दोनशे नव्वद. तीनशे… तीनशे अठरा!"

"अहो, हे काय!" व्यवस्थापक मागे सरकले. कोपऱ्यात ठेवलेल्या स्कोपवर लाट पडद्याबाहेर गेली होती. फट्कन ट्यूब फुटली आणि काचा खाली पडल्या. "बंद करा! बंद करा ते!"

मास्तरने रुमाल खाली केला. घरघर थांबली. मीटरवर पुन्हा दोनशे तीस आलं.

"मांजराचा हत्ती झाला ना, काका?" मास्तर म्हणाला. "आणि बटण आम्ही नाही फिरवलं. मीटर तुमचा, हात तुमचा!"

खालून टिकलीचा आवाज आला. "परत लावू का?"

"नको!" ठेकेदार किंचाळले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "बोर्ड बसवताना न्यूट्रलचा बोल्ट कुणी आवळला होता?" ठिणगीने विचारलं. "मी… माणसाला सांगितलं होतं… मी बघितलं नाही," ते चाचरत म्हणाले.

"आता बघा," सिस्टर म्हणाल्या. "ताबडतोब!"

मुख्य खटका बंद झाला. सगळी इमारत चिडीचूप झाली. ठेकेदारांनी बोर्ड उघडला तेव्हा मुलं पाच पावलांवर उभी होती. न्यूट्रलचा जाड बोल्ट कोळशासारखा काळा पडला होता. वीज नाही याची दोनदा खात्री करून ठेकेदारांनी त्याला बोट लावलं. तो हलला.

"हाताने हलतोय," व्यवस्थापक खोल आवाजात म्हणाले. "आणखी काही दिवसांत आग लागली असती."

जळकी तार कापून नवीन टोक बसवायला चाळीस मिनिटं लागणार होती. ती चाळीस मिनिटं संपता संपेनात. वर सिस्टर दर पाच मिनिटांनी आकडा सांगत होत्या. छत्तीस पूर्णांक चार. छत्तीस पूर्णांक तीन. छत्तीस पूर्णांक दोन. ठिणगी आईच्या पलंगाची कड धरून उभी होती. बाळाची छाती चिमणीसारखी लपलपत होती. छत्तीस पूर्णांक एक.

"खाली जातंय!" ठिणगी म्हणाली. "सिस्टर, खाली जातंय!"

"गप्प. अजून एक पांघरूण आण. खिडकी लाव." सिस्टरांनी बाळाची टोपी कानांवर ओढली. आईने दोन्ही हातांनी बाळाला आणखी जवळ घेतलं आणि डोळे मिटले. लाँड्रीच्या काकू धापा टाकत वर आल्या. उन्हात टाकलेली एक चादर त्यांनी दुलईसारखी घडी घालून आणली होती, गरमागरम. ती वरून पसरली.

पाच मिनिटं गेली. सिस्टरांनी तापमापक उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"छत्तीस पूर्णांक तीन," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हुंदका दिला. तो मास्तर होता.

तीन वाजायच्या आत दिवे लागले. यंत्रं, पेटी, लाँड्री सगळं एकदम चालू केलं, आणि स्कोपवर लाट वर तीन घरं, खाली तीन घरं, जागची हलली नाही. पेटी तापली तेव्हाच बाळ आत गेलं.

संध्याकाळी आत्या शहरातून आली ती थेट जिना चढून वर. फाटकापाशीच काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं. ती पहिल्यांदा पेटीपाशी गेली. मग मुलांकडे वळली. "बोर्डाला हात लावलात?"

"नाही," तिघं एका सुरात म्हणाले.

"स्कोपची सुई सॉकेटमध्ये?"

"नाही!"

मग मात्र आत्या बाकावर बसली आणि तिने तोंडावर पदर धरला. ती इतका वेळ रडली, की टिकलीने घाबरून तिला पाणी आणून दिलं.

डॉक्टरबाईही आल्या होत्या. त्यांनी व्यवस्थापकांना आणि ठेकेदारांना सगळ्यांसमोर उभं केलं. ठेकेदारांनी मान खाली घालूनच दोन्ही पेट्या भरून द्यायचं कबूल केलं. व्यवस्थापकांनी किल्ली आत्याच्या हातात ठेवली. "बाई, मी ऐकून घ्यायला हवं होतं. चुकलो."

"आज इथे शहाणपणाने वागलेली माणसं मोजली, तर निम्मी चौदा वर्षांच्या आतली आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिघांनी पुढे या. मला तुमच्याशी हात मिळवायचाय."

आत्याने यंत्रांच्या नोंदवहीचं नवं पान उघडलं. तारीख घातली. दोष : न्यूट्रल ढिली. पुढचा रकाना होता, दोष कुणी शोधला. तिने पेन ठिणगीपुढे धरलं.

ठिणगीने सही केली. मास्तरने तिच्याखाली केली, मोत्यासारख्या अक्षरात. टिकलीने मात्र एवढी मोठी सही केली, की शेजारच्या रकान्यात घुसली.

"अगं, तो रकाना दुरुस्तीच्या खर्चाचा आहे!" मास्तर ओरडला.

"असू दे," आत्या म्हणाली आणि वही मिटली.